विकरांचे वर्ग सहा नव्हे, सात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विकर म्हणजेच एंझाइम, सजीवांतल्या रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. हा शब्द वृत्तपत्रांत येतो तो बहुतेक वेळा पोटाच्या तक्रारींच्या निमित्ताने. त्यामुळे विकर म्हणजे पाचक रसातले काहीतरी, एवढीच ओळख वाचकाच्या मनात राहते. विज्ञानाच्या पानावर जरा सविस्तर लिहिले गेले, तर त्यात हमखास एक यादी असते : 'विकरांचे सहा वर्ग'. ती ओळख अपुरी आहे आणि ही यादी जुनी. ऑगस्ट २०१८ मध्ये सातवा वर्ग अधिकृतपणे दाखल झाला. त्याहून वाईट वाटते ते याचे, की ही वर्गवारी परीक्षेपुरती पाठ करून विसरायची गोष्ट म्हणून शिकवली जाते. ती नीट समजली तर रक्ततपासणीचा अहवाल, औषधाच्या वेष्टनावरची सूचना आणि शाळेतला फसलेला प्रयोग, या तिन्ही गोष्टी तिच्या आधाराने उलगडतात. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

नावांचा घोळ फार जुना. पायेन आणि पेर्सो यांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या धान्यातून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज म्हटले. पुढे 'एज' हा प्रत्यय रूढ झाला, पण सगळीकडे नाही. पेप्सिन, ट्रिप्सिन ही नावे तशीच राहिली. एका विकराला तर त्याच्या रंगावरून 'जुने पिवळे विकर' म्हणत. ते करते काय, याचा त्या नावावरून काहीच पत्ता लागत नसे. एकाच विकराला दोन प्रयोगशाळांत दोन नावे, आणि दोन निरनिराळ्या विकरांना एकच नाव, असेही होई. अखेर १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय जीवरसायनशास्त्र संघाने विकर आयोग नेमला. १९६१ च्या अहवालात ७१२ विकरांना क्रमांक मिळाले. १९९२ च्या छापील यादीत ते ३,१९६ झाले. आजची यादी त्याहून बरीच मोठी आहे आणि ती सतत दुरुस्त होत असते.

या आयोगाचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असा : विकर कोणत्या जिवात सापडले, कोणत्या अवयवात आहे, त्याची घडण कशी आहे, हे काहीही न पाहता ते कोणती अभिक्रिया घडवते एवढेच पाहायचे. क्रमांक मिळतो तो अभिक्रियेला. विकराला तो त्या कामामुळे लागतो. शिकवताना नेमकी हीच गोष्ट निसटते.

क्रमांक वाचायचा कसा, ते रक्ताच्या अहवालात यकृतासाठी पाहिल्या जाणाऱ्या एसजीपीटी या विकरावरून पाहू. त्याचे आजचे नाव अलानिन अमिनोट्रान्सफरेज, म्हणजे एएलटी. क्रमांक २.६.१.२. पहिला आकडा वर्ग सांगतो : २ म्हणजे ट्रान्सफरेज, एका रेणूवरचा गट उचलून दुसऱ्यावर बसवणारी विकरे. पुढचा ६ सांगतो की हा गट नायट्रोजनयुक्त आहे. त्यापुढचा १, तो अमिनो गट आहे म्हणून. शेवटचा २ हा नुसता अनुक्रमांक. त्याच्या आधीचा, २.६.१.१, म्हणजे अहवालात शेजारी छापलेले एसजीओटी, आजचे एएसटी.

पहिल्या वर्गात याच जागांचा अर्थ वेगळा होतो. ऑक्सिडोरिडक्टेज विकरे इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन एकाकडून काढून दुसऱ्याला देतात. इथे दुसरा आकडा देणारा कोण ते सांगतो आणि तिसरा घेणारा कोण ते. अल्कोहोल डिहायड्रोजनेज १.१.१.१ : हायड्रोजन घेणारा एनएडी, म्हणजे पेशीतला हायड्रोजनवाहक रेणू. ग्लुकोज ऑक्सिडेज १.१.३.४ : घेणारा थेट हवेतला ऑक्सिजन, आणि त्यामुळे तयार होते हायड्रोजन पेरॉक्साइड. साखर मोजण्याच्या कित्येक चाचण्या याच पेरॉक्साइडवर उभ्या आहेत. पेरॉक्सिडेज, १.११.१.७, ते वापरून रंगद्रव्य तयार करते आणि रंगाच्या गडदपणावरून साखर किती ते कळते. क जीवनसत्त्व भरपूर घेतलेल्या माणसाच्या लघवीत अशा चाचणीच्या पट्टीवर साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. कारण सरळ आहे : रंग तयार होण्याआधीच ते जीवनसत्त्व पेरॉक्साइड संपवून टाकते. क्रमांकातला तो तिसरा आकडा ३ ज्याला वाचता येतो, त्याला चूक कुठे होणार हे आधीच दिसते.

तिसरा वर्ग हायड्रोलेजांचा : पाण्याचा रेणू खर्च करून बंध तोडणारी विकरे. पचनाची सारी प्रसिद्ध मंडळी इथली. अमायलेज ३.२.१.१, लायपेज ३.१.१.३, ट्रिप्सिन ३.४.२१.४, पेप्सिन ३.४.२३.१. म्हणजे 'विकर म्हणजे पाचक रस' म्हणणाऱ्याने सातातला एकच वर्ग पाहिलेला असतो, आणि तोही पुरता नाही. मज्जातंतूतून संदेश गेल्यावर संदेशवाहक असिटिलकोलिन फोडून जागा मोकळी करणारे असिटिलकोलिनएस्टरेज, ३.१.१.७, याच वर्गातले आहे आणि त्याचा पचनाशी संबंध नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके त्याच्या सक्रिय जागेला चिकटून बसतात आणि संदेश थांबेनासा होतो. विषबाधेत लाळ गळते, बाहुल्या आकसतात, स्नायू फडफडतात ते यामुळे.

चौथ्या वर्गातली लायेज विकरेही बंध तोडतात, पण पाणी न वापरता आणि ऑक्सिडीकरण न करता. मागे बहुधा दुहेरी बंध राहतो. पाचव्यातली आयसोमरेज रेणूतले अणू तितकेच ठेवून मांडणी बदलतात. सहाव्यातली लायगेज एटीपीसारख्या रेणूतली ऊर्जा खर्चून दोन रेणू जोडतात. डीएनएचे तुटलेले टोक सांधणारे डीएनए लायगेज, ६.५.१.१, हे त्यातले सर्वांच्या ओळखीचे.

विद्यार्थी अडखळतात ते सारख्या वाटणाऱ्या नावांपाशी. कायनेज, फॉस्फेटेज, फॉस्फोरिलेज : तिघांचाही फॉस्फेटशी संबंध. कायनेज एटीपीवरचा फॉस्फेट दुसऱ्या रेणूवर नेऊन ठेवते, म्हणून वर्ग २. फॉस्फेटेज पाण्याच्या मदतीने फॉस्फेट काढते, म्हणून वर्ग ३. फॉस्फोरिलेज तोडते खरे, पण पाण्याऐवजी फॉस्फेट वापरून. ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज, २.४.१.१, साखळीच्या टोकाचा ग्लुकोज सुटा करून फॉस्फेटवर चढवते. गट हलवला गेला, म्हणून पुन्हा वर्ग २. हा भेद कागदी नाही. पाण्याने तोडले असते तर हाती साधा ग्लुकोज आला असता आणि त्यावर फॉस्फेट चढवायला स्नायूला एक एटीपी खर्चावा लागला असता. फॉस्फोरिलेजमुळे तो वाचतो. तसेच डिहायड्रोजनेज आणि डिहायड्रेटेज : पहिले हायड्रोजन काढते, वर्ग १, दुसरे पाणी काढते, वर्ग ४. छापताना एक अक्षर चुकले की वर्गच बदलतो.

आणखी एक जागा गोंधळाची. वनस्पतीत कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणारे रुबिस्को हे विकर वर्ग ४ मध्ये, ४.१.१.३९ या क्रमांकावर आहे. जोडणारे विकर तोडणाऱ्यांच्या वर्गात कसे, हा प्रश्न रास्त आहे. एकाच वर्गातल्या सगळ्या अभिक्रिया वर्गवारीसाठी एकाच दिशेने लिहायच्या, मग पेशीत ती उलट दिशेने का घडेना, असा नियम आहे. आणि रुबिस्को एटीपी खर्चून जोडत नाही, म्हणून ते लायगेजही नव्हे. टोपोआयसोमरेजचेही असेच : ते डीएनए कापते आणि पुन्हा सांधते, पण शेवटी रेणू तोच राहतो, फक्त पीळ बदलतो, म्हणून वर्ग ५.

आता सातवा वर्ग. पेशीच्या पटलातून आयन किंवा रेणू आरपार नेणारी ही ट्रान्सलोकेज विकरे. ती नव्याने सापडलेली नाहीत, नुसती दुसऱ्या वर्गांत अडकून पडली होती. सोडियम-पोटॅशियम पंप येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये दाखवला. १९९७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. एक एटीपी फोडून तो तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. एटीपी पाण्याने फुटतो म्हणून त्याला ३.६.३.९ हा क्रमांक होता. पण एटीपी फोडणे हा त्या कामाचा खर्च झाला, काम नव्हे. आज त्याचा क्रमांक ७.२.२.१३. एटीपी तयार करणारे एटीपी सिंथेज तर ३.६.३.१४ वर, म्हणजे एटीपी फोडणाऱ्यांच्या रांगेत होते. ते आता ७.१.२.२ वर आहे. पटलातून हायड्रोजन आयन खाली वाहतात त्या ओघावर ते चालते, हे नव्या जागेवरून लगेच लक्षात येते. जुना क्रमांक रद्द झाला तरी तो दुसऱ्या विकराला दिला जात नाही, म्हणून जुनी पुस्तके वाचताना घोटाळा होत नाही.

क्रमांक कामाचा असल्यामुळे एकाच क्रमांकावर अगदी परकी प्रथिनेही बसतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून बायकार्बोनेट करणारे कार्बोनिक अनहायड्रेज, ४.२.१.१, निसर्गात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडले. त्यांच्या घडणीत साम्य नाही, काम मात्र तेच. उलट बाजूने, आपल्या पेशीतले सीएडी नावाचे एक लांबलचक प्रथिन तीन कामे करते आणि तीन क्रमांक बाळगते : ६.३.५.५, २.१.३.२ आणि ३.५.२.३. लॅक्टेट डिहायड्रोजनेजची पाच रूपे आहेत. हृदयात एक जास्त, यकृतात दुसरे, क्रमांक सर्वांचा १.१.१.२७. म्हणून क्रमांकावरून अवयव ओळखता येत नाही.

विकर करते काय, याचे उत्तर 'अभिक्रिया वेगाने घडवते' इतकेच बरोबर आहे. ती कुठवर जाऊन थांबेल, तो समतोल विकर बदलत नाही. तिथे पोचायला लागणारा वेळ कमी करते. किती कमी? ओरोटिडिन मोनोफॉस्फेट या रेणूतला कार्बन डायऑक्साइड आपोआप सुटायचा म्हटला तर निम्मे रेणू फुटायला सुमारे ७.८ कोटी वर्षे लागतील. त्याचे विकर दर सेकंदाला असे सुमारे ४० रेणू हातावेगळे करते. कार्बोनिक अनहायड्रेजचा वेग सेकंदाला दहा लाखांच्या घरात जातो, आणि रुबिस्कोचा जेमतेम दहाच्या आत. शिवाय रुबिस्को कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजन पकडते. म्हणूनच हिरव्या पानाला ते इतक्या प्रचंड प्रमाणात बनवावे लागते.

बरीच विकरे एकटी चालत नाहीत. कार्बोनिक अनहायड्रेजला जस्त लागते, युरिएजला निकेल, कॅटलेजला लोह. एएलटी आणि एएसटी या दोघांनाही ब-६ जीवनसत्त्वापासून बनणारे पायरिडॉक्सल फॉस्फेट लागते. ज्याला ब-६ ची कमतरता आहे त्याच्या रक्तात एएलटीचे प्रथिन असूनही मोजणीत ते कमी भरते. काही पद्धतींत अभिकारकातच, म्हणजे चाचणीच्या रसायनातच, पायरिडॉक्सल फॉस्फेट घातलेले असते ते यासाठी. एकाच नमुन्याचे आकडे दोन प्रयोगशाळांत जुळत नाहीत, त्याचे हे एक कारण.

ही मोजणी जवळून पाहण्यासारखी आहे. अहवालात 'एसजीपीटी ५६ युनिट प्रति लिटर' असे येते. हे वजन नव्हे. एक युनिट म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ बदलणारी क्रिया. अलानिनपासून एएलटी पायरुवेट बनवते. पायरुवेट सहज दिसत नाही, म्हणून अभिकारकात दुसरे विकर, लॅक्टेट डिहायड्रोजनेज, भरपूर घातलेले असते. ते पायरुवेटचे लॅक्टेट करते आणि त्यात एनएडीएच, म्हणजे हायड्रोजन घेतलेले एनएडी, खर्च होते. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते. जसे ते संपते तसे शोषण उतरते. नमुना अभिकारकात बारा पट पातळ झाला असेल, तर ५६ युनिटला एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या पारदर्शक कुपीत, हे शोषण मिनिटाला साधारण ०.०२९ ने उतरेल. आता यकृताला जबर इजा झालेल्या रुग्णाचा नमुना घ्या, ५,६०० युनिटचा. क्युवेटमध्ये एनएडीएच लिटरला २०० मायक्रोमोल असेल तर ते २६ सेकंदांतच संपते. यंत्राने पहिले मिनिट सोडून नंतर मोजायला सुरुवात केली, तर त्याला काहीच उतरताना दिसणार नाही आणि आकडा निरोगी माणसासारखा येईल. म्हणून सुरुवातीचे शोषणच संशयास्पद कमी असेल तर नमुना दहा पट पातळ करून पुन्हा लावावा लागतो आणि उत्तराला दहाने गुणावे लागते.

नमुना कोणत्या नळीत घेतला यावरही बरेच अवलंबून असते. रक्तपेशी नळीतही साखर खात राहतात, तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. म्हणून साखरेच्या नळीत फ्लोराइड असते. ते इनोलेज, ४.२.१.११, अडवते. पण इनोलेज ही साखर जाळण्याच्या वाटेवरची शेवटाकडची पायरी आहे. तिथे अडथळा आला तरी वरच्या पायऱ्या लगेच थांबत नाहीत, त्यामुळे पहिला तास-दोन तास साखर थोडी घटतच राहते. लवकरात लवकर पेशी वेगळ्या करणे हा खरा उपाय. अल्कलाइन फॉस्फेटेज, ३.१.३.१, मोजायचे असेल तर रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या रसायनाची नळी चालत नाही. ईडीटीए जस्त आणि मॅग्नेशियम पकडून ठेवते आणि विकर लुळे पडते. रक्तपेशी फुटल्या तर लॅक्टेट डिहायड्रोजनेज खोटे वाढते, कारण लाल पेशी त्याने भरलेल्या असतात. आणि तो नमुना जपायचा म्हणून थंडीत ठेवला, तर यकृतातले रूप उलट लवकर मरते.

आपल्या वृत्तपत्रात आरोग्यविषयक मजकूर छापताना एसजीपीटी आणि एएलटी ही एकाच विकराची दोन नावे आहेत, हे तिथल्या तिथे लिहावे, अशी विनंती. या दोन वेगळ्या तपासण्या समजून घाबरणारे वाचक कमी नाहीत. 'शरीरातील विकरे वाढवणारे' अशी जाहिरात आली तर कोणते विकर, हे विचारलेच पाहिजे. विकर बहुतेक वेळा प्रथिन असते; तोंडावाटे घेतले की जठरातले आम्ल आणि पेप्सिन त्याचीही इतर प्रथिनांसारखी गत करतात. स्वादुपिंड निकामी झालेल्यांना दिल्या जाणाऱ्या लायपेजच्या कॅप्सूलमधल्या कणांवर म्हणूनच लेप असतो, जो साधारण ५.५ च्या वरच्या सामूला (पीएचला), म्हणजे लहान आतड्यात, विरघळतो. त्या चावून किंवा कुटून घेतल्या तर औषध वाया जाते.

शेवटी शाळेतला लाळ आणि स्टार्चचा प्रयोग, कारण विकराशी पहिली प्रत्यक्ष भेट तिथे होते आणि तिथेच चुकीचा निष्कर्ष वहीत लिहिला जातो. एक ग्रॅम स्टार्च थोड्या थंड पाण्यात कालवून ते १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओतावे. न शिजलेल्या दाण्यांवर अमायलेज फार हळू चालते. द्रावण गार झाल्यावर त्यात चिमूटभर मीठ घालावे, या विकराला क्लोराइड लागते. लाळ दहा पट पातळ करावी. पाच मिलिलिटर स्टार्चमध्ये एक मिलिलिटर पातळ लाळ घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवावी. दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या फरशीवरच्या आयोडीनच्या थेंबात मिसळून पाहावा : निळा, मग जांभळा, मग तांबूस, शेवटी आयोडीनचाच पिवळा. पहिल्याच मिनिटात रंग गेला तर लाळ आणखी पातळ करावी. आयोडीन मूळ नळीत ओतू नये. ते विकरालाच बाधते.

चुका होतात त्या तुलनेच्या नळ्यांत. उकळलेल्या लाळेच्या नळीत स्टार्च तसाच राहतो. पण नळी गरम असतानाच आयोडीन टाकले तर निळा रंग उमटत नाही, कारण उष्णतेने स्टार्च आणि आयोडीन यांची जोडी सुटते. विद्यार्थी लिहितो, 'उकळलेली लाळही स्टार्च पचवते'. नळी गार होऊ दिली की निळा परत येतो. बर्फातल्या नळीत विकर मेलेले नसते, मंदावलेले असते. ती ३७ अंशांवर आणली की काम सुरू होते, उकळलेल्या नळीत मात्र कधीच होत नाही. हा फरक प्रत्यक्ष दाखवायला दहा मिनिटे लागतात, ती द्यावीत. अल्कलीच्या नळीत तर वेगळाच सापळा आहे : सोडियम हायड्रॉक्साइड आयोडीनचाच रंग घालवते, त्यामुळे स्टार्च जागच्या जागी असूनही निळा दिसत नाही. त्या नळीतल्या थेंबात आधी सौम्य आम्ल, लिटमस जेमतेम तांबूस होईपर्यंत, मिसळावे आणि मगच आयोडीन लावावे.

कळावे.

आपले,
जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक